स्वसंरक्षणाचे हत्यार : बोअर कोणते घ्यावे?

व्यापारी बंधूंच्या बैठकीत भाव, आवक, हमाली, मंडीशुल्क यांची चर्चा संपली की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. वसुलीची रक्कम घेऊन रात्री घरी परतणारे तरुण आडते, सराफकट्ट्यावरील मंडळी, गावोगाव खरेदीस जाणारे भागीदार विचारू लागतात की, संरक्षणासाठी पिस्तूल घ्यावयाचे झाल्यास ते कोणत्या बोअरचे घ्यावे? कोणी म्हणतो, जितके मोठे तितके बरे. कोणी म्हणतो, लहान असेल तर खिशात मावते. ज्याने हत्यार कधी हाती धरले नाही तोही या विषयावर ठाम मत देतो. सबब या विषयाची साधार माहिती सभासद बंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस एका ठिकाणी मिळावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे. मी शस्त्रविद्येचा पंडित नव्हे. धान्याचा घाऊक व्यापारी आहे. तथापि मालाची पारख करताना नाव, वजन, आटोप आणि जोखीम या चार गोष्टी पाहाव्या, ही आपल्या धंद्याची रीत या मालासही लागू पडते, असे मला वाटते.

गृहस्थाने हत्यार ठेवावे काय?

जैनांच्या स्मरणिकेत पिस्तुलाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून प्रथम त्याचा उलगडा करतो. आपल्या आचारशास्त्राने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी. मनात धरून, ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा. गृहस्थास तिचा पूर्ण त्याग सांगितला आहे. रांधणे, दळणे, घर बांधणे यांत घडते ती आरंभी. शेती, व्यापार यांत घडते ती उद्योगी. आणि आक्रमकापासून स्वतःचे, कुटुंबाचे वा आश्रितांचे रक्षण करताना घडते ती विरोधी. मुनींस या चारही वर्ज्य आहेत. गृहस्थास मात्र शेवटच्या तीन टाळता येतील तितक्या टाळावयाच्या, आणि टळत नाहीत तेथे कमीतकमी करावयाच्या आहेत. म्हणजे धर्माने संरक्षणाचे दार बंद केलेले नाही. पण त्या दाराच्या उंबरठ्यावर विवेक उभा केला आहे. पुढील सर्व विवेचन याच उंबरठ्यावरून केले आहे.

बोअर म्हणजे काय?

बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांत ते इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. .३२ म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यांतील बत्तीस. पण आपल्याकडे ‘शरबती’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक दाणा शरबती नसतो, तसाच प्रकार येथेही आहे. .३८ नावाच्या गोळीचा खरा व्यास .३५७ इंच भरतो; .३२ ची गोळी सुमारे .३१२ इंचाची असते, आणि तेच.३२ चे पिस्तूल युरोपात ७.६५ मिलिमीटर या नावाने ओळखले जाते. सबब केवळ आकडा ऐकून माल ओळखू नये. काडतुसाचे पूर्ण नाव पाहावे.

गोळीचे वजन ‘ग्रेन’ या मापाने सांगतात. हे माप मुळात धान्याच्या दाण्यावरून आलेले आहे, ही गोष्ट आपणा धान्यव्यापाऱ्यांस गमतीची वाटेल. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, आणि आपला इंग्रजी अमदानीतील तोळा बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. या हिशेबाने .३२ पिस्तुलाची ७१ ग्रेनची गोळी पावणेपाच मासे, .३२ रिव्हॉल्व्हरची ९८ ग्रेनची गोळी साडेसहा मासे, आणि लष्करी ९ मिलिमीटरची ११५ ग्रेनची गोळी साडेसात माशांहून किंचित अधिक भरते. जुन्या ब्रिटिश फौजेच्या .४५५ रिव्हॉल्व्हरची २६५ ग्रेनची गोळी मात्र दीड तोळ्याच्या आसपास होती.

‘बारा बोअर’ ही बंदूक मोजण्याची रीत निराळी आहे. नळीत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या गोळ्या एका पौंडात बारा होतात, म्हणून ती बारा बोअर. म्हणजे येथे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. हा उलटा हिशेब ठाऊक नसल्याने पुष्कळांचा घोटाळा होतो.

निवड प्रथम कायदा करतो

परदेशी पुस्तके व चित्रपट पाहून आपले तरुण ९ मिलिमीटर की .४५ असा वाद घालतात. हिंदुस्थानात राहणाऱ्या व्यापाऱ्यास हा वाद निरुपयोगी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालील नियमांच्या परिशिष्टात हत्यारांची वर्गवारी केलेली आहे. फौजेच्या व पोलिसांच्या सेवेतील .३८० आणि .४५५ ची काडतुसे, तसेच सेवेतील ९ मिलिमीटरची काडतुसे ज्यांत बसून झडू शकतात ती पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे सामान्य नागरिकास मिळणाऱ्या वर्गातून वगळली आहेत. बाजारच्या भाषेत यांस ‘प्रतिबंधित बोअर’ म्हणतात. त्यांची परवानगी केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असून ती विरळाच मिळते. सरकारी कोठारातून चोरीस गेलेला दारूगोळा खाजगी हत्यारात चालू नये, हा या बंदीमागील हेतू. २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले, तरी हा मूळ भेद कायम राहिला.

त्यातच १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. त्यापूर्वी आलेली ब्राउनिंग, वेब्ली, वॉल्थर इत्यादी हत्यारे हस्तांतरित होत बाजारात फिरतात. पण त्यांच्या किमती हत्याराच्या गुणापेक्षा दुर्मीळतेच्या असतात. जुन्या नळीची झीज, न मिळणारे सुटे भाग आणि दुर्मीळ काडतुसे यांचा विचार करता, हौशी संग्राहकाखेरीज इतरांनी त्यांच्या वाटेस जाऊ नये.

उरलेला माल

कायद्याच्या चाळणीतून खाली उरतात ती मुख्यतः चार मापे : .२२, .२५, .३२ पिस्तूल आणि .३२ रिव्हॉल्व्हर.

.२२ चे लांब काडतूस १८८७ मधील आहे. गोळी ४० ग्रेनची, धक्का अत्यल्प, काडतूस स्वस्त. नेमबाजी शिकण्यास यासारखे माप नाही. पश्चिम बंगालमधील इच्छापूर रायफल कारखान्याने ‘निडर’ नावाचे या मापाचे हलके रिव्हॉल्व्हरही काढले. परंतु संरक्षणाचे साधन म्हणून .२२ दुबळे आहे; शिवाय त्याच्या काडतुसाची पेट घेण्याची रीत कडेवरच्या आघाताची असल्यामुळे एखादे काडतूस न झडण्याचा संभव इतर मापांहून अधिक असतो.

.२५ हे ब्राउनिंगचे १९०५ मधील माप. गोळी ५० ग्रेनची. कोटाच्या आतल्या खिशात मावणारी चिमुकली पिस्तुले या मापाची असतात. आकार सोयीचा; पण शक्ती .२२ च्या पंक्तीतली आणि मूठ इतकी आखूड की नेम धरणे कठीण.

.३२ पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये काढले. गोळीचा वेग सेकंदास सुमारे २७५ मीटर. .३२ रिव्हॉल्व्हरचे लांब काडतूस स्मिथ अँड वेसन कंपनीचे, १८९६ चे. गोळी जड, पण वेग सेकंदास सुमारे २१५ मीटर. ही दोन काडतुसे नावाने सख्खी भावंडे वाटली तरी मापाने भिन्न आहेत. एकाचे काडतूस दुसऱ्यात कदापि घालू नये.

आज आपल्या देशात नवे व सहज मिळणारे हत्यार पाहू जाता .३२ हेच माप प्रमुख ठरते. कानपूरच्या सरकारी कारखान्यांतून त्याची रिव्हॉल्व्हरे निघतात. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचे, अवघे अर्ध्या किलोच्या सुमाराचे असून त्याची किंमत तेव्हा १ लाख २२ हजार रुपयांवर होती. २०२३ मध्ये ‘प्रबल’ नावाचे सुमारे पावणेसातशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आले. आयुध कारखान्यांचे ‘अशनी’ हे .३२ पिस्तूलही आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रे आता कानपूरच्या कंपनीकडे, तर दारूगोळा पुण्याजवळील खडकी येथील कंपनीकडे आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच्या ‘के. एफ.’ अक्षरांची .३२ ची काडतुसे देशभर चालतात. व्यापाऱ्यास हे सांगणे नलगे की, ज्या यंत्राचा सुटा माल नियमित मिळतो तेच यंत्र घ्यावे.

.३२ पुरेसे आहे काय?

आता मुख्य शंका. ९ मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा सुमारे ४८० जूल, तर .३२ ची दीडशे ते पावणेदोनशे जूल. म्हणजे एक तृतीयांश. मग .३२ घेणे म्हणजे खेळणे घेणे होय काय?

जूल या मापाने घाबरून जाऊ नये. गव्हाचे पन्नास किलोचे पोते एक फूट उंचीवरून पडले तर तेही सुमारे दीडशे जूलच होतात. पोते अंगावर पडल्याने हमाल दचकतो, मरत नाही. गोळी मारक ठरते ती ढकलण्याने नव्हे, भेदण्याने. जसे पोत्यात खुपसून नमुना काढण्याची परखी तागाचे विणकाम न फाडता आत शिरते. म्हणून खरा प्रश्न गोळी किती खोल आणि कोठे जाते हा आहे. हाताने धरावयाच्या कोणत्याही हत्याराची गोळी माणसास चित्रपटातल्याप्रमाणे उडवून लावीत नाही. मर्मस्थानी न लागलेली मोठी गोळी खाऊनही माणूस काही क्षण चालून येऊ शकतो, आणि मर्मस्थानी लागलेली लहान गोळी प्राण घेऊ शकते.

अमेरिकेत या वादावर शंभरहून अधिक वर्षे खर्च झाली. फिलिपीन्सच्या लढायांतील अनुभवावरून १९०४ मध्ये त्यांच्या फौजेने शिकागोच्या कत्तलखान्यांतील जित्या जनावरांवर व मृतदेहांवर गोळ्या झाडून पाहिल्या. त्या प्रयोगांचे वर्णन जैनाच्या लेखणीने न केलेले बरे. त्यातून .४५ चा पुरस्कार झाला. पुढे ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथील चकमकीत त्यांच्या केंद्रीय तपास खात्याचे दोन अधिकारी मारले गेले. तेव्हा ९ मिलिमीटरची गोळी पुरेशी खोल गेली नाही असा ठपका ठेवून ते खाते १० मिलिमीटरकडे व नंतर.४० कडे वळले. आणि २०१४ मध्ये त्याच खात्याच्या प्रशिक्षण विभागाने पुन्हा ९ मिलिमीटरचीच शिफारस केली. कारण असे दिले की, नव्या धर्तीच्या गोळ्यांमुळे मापामापांतील फरक नाममात्र उरला असून, कमी धक्क्याच्या हत्याराने बहुतेकांचा नेम अधिक जलद व अधिक अचूक लागतो. सरकारी पगारावर नेम शिकणाऱ्यांचा जर हा अनुभव, तर वर्षातून एकदा दसऱ्याला हत्यार पुसणाऱ्या आपल्यासारख्यांनी मापावरून वाद घालावा यात काय अर्थ?

तात्पर्य, .३२ हे उत्तम नव्हे, पण हाती लागणाऱ्यांत ते मध्यम व समंजस माप आहे. त्याचा धक्का साठीच्या माणसास व गृहिणीसही सोसतो. यापलीकडचा गुण काडतुसात शोधू नये; तो हातात शोधावा.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये सहा काडतुसांचे चक्र फिरते. ते भरलेले आहे की रिकामे, हे चक्र उघडताच दिसते. एखादे काडतूस न झडल्यास चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. त्याचा चाप जड असल्याने नकळत झडण्याचा धोका कमी. पिस्तूल चपटे, बाळगण्यास सुबक व भरण्यास जलद. परंतु त्यातील मॅगझीन काढल्यावरही एक काडतूस नळीच्या तोंडाशी बसलेले राहू शकते. ‘रिकामे आहे’ म्हणून हाताळलेल्या पिस्तुलाने झालेले कित्येक अपघात याच एका काडतुसाचे असतात. ज्यास नियमित सराव करणे शक्य नाही त्याने रिव्हॉल्व्हरच पत्करावे, असे माझे मत आहे.

वजनाबाबतही एक भ्रम दूर केला पाहिजे. हलके हत्यार बाळगण्यास सुखाचे, पण झाडताना तेच अधिक उसळते. कारण तोच धक्का कमी वजनावर येतो. दुकानात हत्यार हाती घेऊन पाहताना मूठ पुरी पकडीत येते काय, आणि तर्जनीचे पेर चापावर विनासायास पोचते काय, हे पाहावे. भावात घासाघीस नंतर करावी.

घराच्या व गोदामाच्या रखवालीपुरताच प्रश्न असेल, तर जुनी बारा बोअरची दुनळी आजही हीन ठरत नाही. ती दडवता येत नाही, हा व्यापाऱ्याच्या दृष्टीने तिचा दोष नसून गुण आहे. रखवालदाराच्या खांद्यावर ती दिसते, आणि दिसण्यानेच तिचे निम्मे काम होते.

झाडण्याचा अधिकार कोठवर?

हत्यार परवान्याचे असले म्हणजे गोळी झाडण्याचाही परवाना मिळाला, हा समज अत्यंत घातक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिची कलमे ३४ ते ४४ खाजगी संरक्षणाच्या अधिकाराची आहेत. मृत्यूची वा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर आक्रमकाचा प्राण जाण्यापर्यंत हा अधिकार पोचतो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या काळातील घरफोडी, राहत्या घरास वा माल ठेवण्याच्या जागेस आग लावणे अशा गंभीर प्रसंगी तो तितका लांब जातो. परंतु दोन मर्यादा कधीही विसरता कामा नये : पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तेथे हा अधिकार नाही, आणि संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार कोणत्याही प्रसंगी नाही. भीती संपली की अधिकारही संपला. थैली घेऊन, पाठ फिरवून पळणाऱ्यावर झाडलेली गोळी न्यायालयात संरक्षण म्हणून टिकणे कठीण. आणि ती गोळी भरल्या बाजारात चुकली, तर शेकडो मीटर पलीकडच्या निरपराध हातगाडीवाल्याचा बळी घेईल. थैलीचा विमा उतरवता येतो. त्या माणसाचा जीव कोणत्या खात्यातून भरून द्यावयाचा?

परवाना व सांभाळ

अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे लागते. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो, पोलिसांचा चौकशी अहवाल येतो. धंद्याच्या स्वरूपामुळे जीवितास वा मालमत्तेस खरोखर धोका आहे, हे दाखवावे लागते. प्रतिष्ठेची हौस हे कारण नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मुभा राहिली, आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांची झाली. त्याच दुरुस्तीने लग्नकार्यात वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात इतरांचा जीव धोक्यात घालून केलेल्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. वरातीत हवेत बार काढणाऱ्या पाहुण्यांस यजमानाने हे आधीच ऐकवावे.

आपल्या शास्त्रांतील अनर्थदंडव्रताची येथे आठवण होते. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात निरर्थक पापाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘हिंसादान’ हा एक आहे; म्हणजे तलवार, कुऱ्हाड, विष, अग्नी आदी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे. श्वेतांबर परंपरेतही हे व्रत आहे. शस्त्र कायदाही शब्दशः तेच सांगतो : ज्यास अधिकार नाही त्याच्या हाती शस्त्र देणे हा गुन्हा आहे. मेहुण्यास दोन दिवस दिले, मुनिमाबरोबर वसुलीस पाठवले, मुलास छायाचित्रासाठी धरू दिले, हे सर्व यातच येते. आपल्या शेजारच्या ग्वाल्हेरचे उदाहरण इतिहासात नोंदले आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्माजींवर ज्यातून गोळ्या सुटल्या ते इटालियन बनावटीचे पिस्तूल दोनच दिवस आधी ग्वाल्हेरात हातोहात मिळविलेले होते. हाती दिलेले शस्त्र कोठवर जाईल, हे देणाऱ्यास कधीच कळत नाही.

म्हणून हत्यार लोखंडी तिजोरीत, काडतुसे निराळ्या कुलपात, आणि किल्ली एकाच जबाबदार माणसापाशी ठेवावी. गल्ल्यात, उशीखाली वा गाडीच्या खणात ठेवू नये. घरात लहान मुले असतील, कोणी दारूच्या आहारी गेला असेल, कोणाचे मन खचलेले असेल, तर त्या घरात हत्यार न आणणे हाच सर्वांत उत्तम बोअर. १९९३ मध्ये अमेरिकेतील तीन परगण्यांत झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात असे आढळले की, बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका इतर घरांच्या मानाने सुमारे २.७ पट होता, आणि तो बहुधा घरच्या वा ओळखीच्या माणसाच्या हातून होता. त्यावर पुष्कळ वाद झाले. पण हत्यार बाहेरच्या चोरापेक्षा घरातल्या कलहास जवळचे असते, हे कोणत्याही अनुभवी गृहस्थास पटेल.

कुटुंबीयांसाठी आणखी एक सूचना. परवानाधारक वारल्यास त्याचे हत्यार कपाटात तसेच पडू देऊ नये. दुःखात हे ध्यानात राहत नाही आणि मग विधवा वा मुलगा विनापरवाना हत्यार बाळगल्याच्या प्रकरणात सापडतो. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसास हवे असल्यास त्याने स्वतःच्या नावे अर्ज करावा.

हत्याराच्या आधीचे उपाय

चोर हत्यार पाहून येत नाही, रोकड पाहून येतो. रोकड कमी केली तर त्याचे येणेच कमी होते. २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये वा अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. खात्यातून खात्यात रक्कम पाठवण्याची सोय आज लहानशा आडत्याच्या खिशातील फोनवरही आहे. तरी मंडीतून रोकड हातपिशवीत घालून एकट्याने दुचाकीवर, रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने जाणारे बंधू मी अद्याप पाहतो. डोळ्यांत मिरचीपूड पडल्यावर कमरेचे रिव्हॉल्व्हर चोराचेच होते. त्या वेळी ते.३२ होते की .२२, याने काही फरक पडत नाही.

भैरवगडचा रस्ता सायंकाळनंतर कसा निर्जन होतो हे इथल्या मंडळींस सांगावयास नको. वेळ व वाट बदलावी. दोघांनी मिळून जावे. मोठी रक्कम असल्यास बँकेची वेळ साधावी. रकमेची वाच्यता हमालांसमोर वा चहाच्या टपरीवर करू नये. पेढीवर व गोदामाच्या दारावर कॅमेरा बसवावा. रोकडीचा प्रवासातील विमा उतरवावा. या सर्वांचा एकत्रित खर्च एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीहून कमी भरतो, आणि यांपैकी एकाही उपायाचा चाप चुकून ओढला जात नाही.

इतके करूनही ज्याच्या धंद्यास वा घरास खरा धोका उरतो त्याने परवाना अवश्य मागावा. यात लाजण्यासारखे काही नाही. त्याने .३२ चे रिव्हॉल्व्हर घ्यावे. अधिकृत शिक्षकाकडून ते चालवणे, थांबवणे व रिकामे करणे शिकावे, २०१६ च्या नियमांत शस्त्रसुरक्षा प्रशिक्षणाची तरतूदही आहे. परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतील काही काडतुसे दरवर्षी नेमबाजीच्या जागी सरावात खर्च करावी. आणि निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करण्याचा हुकूम आल्यास तो तंटा न करता पाळावा. ज्यास यांतील एकही गोष्ट जमणार नाही, त्याने हत्यार घेण्याचा विचार सोडून द्यावा व तेच पैसे चांगल्या कुलपात, विश्वासू रखवालदारात आणि शेजाऱ्यांशी असलेल्या सलोख्यात गुंतवावे. तोट्याचा सौदा वेळीच नाकारणे हेही व्यापाराचेच कसब होय.